पंचगंगेतलं केंदाळ: ओळखायचं कसं, आवरायचं कसं

पावसाळा संपला की कोल्हापूरच्या पंचगंगेवरच्या बंधाऱ्यांत बरगे, म्हणजे पाणी अडवणाऱ्या फळ्या, घातले जातात. राजाराम, सुर्वे, रुई, इचलकरंजी, तेरवाड, शिरोळ असे एकामागून एक बंधारे भरतात, वाहती नदी लांबट डोहांत अडते आणि ऊस-भाजीपाल्याला उन्हाळाभर पाणी मिळायची सोय होते. त्याच सुमारास डोहाच्या काठाला, झुडपांच्या बुडाशी, ओढ्याच्या तोंडाला अडकून राहिलेली केंदाळाची, म्हणजे जलपर्णीची, थोडीशी रोपं वाढायला लागतात. तेव्हा त्यांच्याकडे कुणाचं लक्ष जात नाही. लक्ष जातं फेब्रुवारी-मार्चमध्ये, पाणी दिसेनासं झाल्यावर. मग पोकलेन येतो, ट्रॉल्या लागतात, काठावर ढीग पडतात, आणि महिन्या-दीड महिन्यात नदी पुन्हा होती तशी.

हे असं दरवर्षी का होतं, याला कारण आहे आणि ते समजायला अवघड नाही. आपण केंदाळ काढायला उशिरा सुरुवात करतो आणि लवकर थांबतो. हा उशीर आणि ही घाई किती महाग पडते ते साध्या हिशोबात मांडता येतं. तोच हिशोब या लेखात मांडायचा आहे. पण आधी वनस्पती नीट ओळखता आली पाहिजे, कारण पाण्यावरचं सगळं हिरवं म्हणजे केंदाळ नव्हे.

ओळख पटवताना

पुस्तकात जिला जलपर्णी म्हणतात तेच आपलं केंदाळ. शास्त्रीय नाव आयकॉर्निया क्रॅसिपेस. अलीकडे वनस्पतिशास्त्रज्ञांनी तिला पॉन्टेडेरिया या प्रजातीत घातलं, म्हणून नव्या लेखनात पॉन्टेडेरिया क्रॅसिपेस असंही नाव दिसेल. दोन्ही एकच.

एक रोप उचलून हातात घ्या. पानं गोलसर, जाडसर, तुळतुळीत आणि गडद हिरवी. देठ मध्येच फुगलेला असतो. तो कापला तर आत हवेने भरलेला स्पंजासारखा भाग दिसतो, आणि त्यामुळेच रोप तरंगतं. खाली काळपट-जांभळ्या, बारीक तंतूंनी भरलेल्या लांब मुळ्या लोंबतात, त्या मातीत रुतलेल्या नसतात. फूल फिकट जांभळं, तुऱ्याने येणारं, आणि वरच्या पाकळीवर निळसर वलयात पिवळा ठिपका. फूल सुंदर आहे यात वाद नाही. या फुलापायीच ही वनस्पती दक्षिण अमेरिकेतल्या ॲमेझॉनच्या खोऱ्यातून जगभर गेली.

एक गोष्ट बऱ्याच जणांना चकवते. मोकळ्या पाण्यात रोपं विरळ असली की देठ आखूड आणि फुगीर असतो. दाटी झाली की तेच रोप उंच वाढतं, देठ लांब आणि सडपातळ होतो, पानं कमरेला लागतील इतकी वर येतात. पाहणाऱ्याला वाटतं ही दोन वेगवेगळी झाडं आहेत. वनस्पती एकच, पण तिचं हे रूप उपयोगाची माहिती देतं: फुगीर देठाची बुटकी रोपं दिसली तर समजायचं की पसरायला अजून जागा आहे आणि काढायची वेळ हीच आहे.

आता तिच्यासारख्या दिसणाऱ्या इतर वनस्पती. पिस्टियाची रोपं लहान कोबीच्या गड्ड्यासारखी, फिकट पोपटी, पानांवर मखमली लव आणि उभ्या ठळक घड्या. तिला देठ जवळजवळ नसतोच, आणि फूल इतकं बारीक की शोधावं लागतं. साल्व्हिनिया हे तरंगणारं नेचं आहे. त्याची जोडीजोडीने येणारी छोटी पानं दाटी झाली की मधोमध दुमडतात, आणि पानांवरच्या केसांमुळे पाणी त्यांना भिजवू शकत नाही. पाण्यात बुडवून सोडलं की पान कोरडंच वर येतं. केरळात या साल्व्हिनियाने एके काळी भातखाचरं आणि कालवे भरून टाकले होते, त्यामुळे आपल्याकडे तळ्यात हे दिसलं तर ताबडतोब काढावं. अझोला याहून बारीक, उन्हात लालसर होणारं. ते शेतकरी मुद्दाम जनावरांसाठी वाढवतात. ही तीनही तरंगतात, पण केंदाळाचा फुगीर देठ आणि जांभळा तुरा यांपैकी एकालाही नाही.

याउलट कमळ आणि कुमुदिनी यांची मुळं तळाच्या चिखलात असतात. एखादं पान ओढून पाहा: केंदाळ आख्खं हातात येतं, कमळ येत नाही. पाणकणीसही काठाच्या चिखलात रुजलेलं असतं. ते फार वाढलं तर आवरावं लागतं, पण त्याच्या आडोशाला पक्षी घरटी करतात, म्हणून सरसकट उपटून टाकू नये. सफाईच्या उत्साहात पुष्कळदा हे सगळंच पोकलेनच्या तोंडी जातं, आणि मोकळ्या झालेल्या काठावर पुढच्या वर्षी केंदाळच बसतं.

शेवटचा आणि फार महत्त्वाचा फरक म्हणजे हिरव्या पाण्याचा. रंकाळा तलावाचं पाणी रंग कालवल्यासारखं हिरवं झालेलं कोल्हापूरकरांनी पाहिलं आहे. ते केंदाळ नव्हे. ती सूक्ष्म जीवांची, बहुतेक वेळा मायक्रोसिस्टिस नावाच्या निळ्या-हिरव्या शैवालाची वाढ असते. ती जाळीने काढता येत नाही, आणि तिच्यातले काही प्रकार पाण्यात विष सोडतात, म्हणून असं पाणी जनावरांना पाजू नये. केंदाळ आणि हे शैवाल यांचं अन्न मात्र एकच. म्हणून एखाद्या तळ्यातून केंदाळ काढलं आणि सांडपाणी तसंच येत राहिलं, तर त्याच अन्नावर शैवाल वाढू शकतं. लोक म्हणतात, केंदाळ गेलं आणि पाणी उलट बिघडलं. काढणं चुकलेलं नसतं, अर्धंच काम झालेलं असतं.

इकडे आलं कसं

थोडक्यात सांगतो. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात शोभेची वनस्पती म्हणून केंदाळ बागांमध्ये आणि तिथून नद्यांमध्ये गेलं. भारतात सर्वांत आधी आणि सर्वांत वाईट फटका बंगालला बसला. नावा अडल्या, भातशेती बुडाली, मासेमारी थांबली. शेवटी १९३६ साली बंगालमध्ये केंदाळाविरुद्ध स्वतंत्र कायदाच करावा लागला. युरोपीय संघाने २०१६ साली त्याच्या विक्रीवर आणि बाळगण्यावर बंदी घातली. आपल्याकडे अजूनही काही रोपवाटिकांत गच्चीवरच्या कुंडासाठी ते हौसेने घेतलं जातं. घेऊ नये. घेतलंच असेल तर कुंड रिकामं करताना रोपं नदी-तळ्यात सोडू नयेत, उन्हात पूर्ण वाळवावीत.

वाढीचा हिशोब

केंदाळ दोन वाटांनी वाढतं. पहिली वाट धावत्या फांद्यांची. मूळ रोपातून पाण्याच्या पृष्ठभागावर एक आडवी फांदी निघते, तिच्या टोकाला पिल्लू रोप तयार होतं, आणि फांदी तुटली तरी पिल्लू स्वतंत्र जगतं. दुसरी वाट बियांची. फूल सुकल्यावर त्याचा दांडा खाली वाकतो, बी पाण्यात पडतं, तळाशी बसतं आणि गाळात १५-२० वर्षंही जिवंत राहू शकतं. रोजची वाढ पहिल्या वाटेने होते. दुसरी वाट म्हणजे दीर्घकाळची ठेव.

ऊब आणि अन्न भरपूर असेल तर केंदाळाने व्यापलेली जागा साधारण १० ते १५ दिवसांत दुप्पट होते. अगदी अनुकूल पाण्यात त्याहूनही लवकर. कोल्हापूरच्या थंडीत वाढ मंदावते, पण इथे हिमतुषार पडत नाहीत, त्यामुळे ते मरत नाही.

आता एका बंधाऱ्यामागचा डोह घ्या. १ नोव्हेंबरला त्याचा फक्त शंभरावा भाग केंदाळाने व्यापलेला आहे, म्हणजे काठाला लागलेले काही पुंजके. थंडीचे दिवस म्हणून दुपटीचा काळ १५ दिवस धरू. नोव्हेंबरच्या मध्याला २ टक्के, महिनाअखेर ४, डिसेंबरच्या मध्याला ८, वर्षाअखेर १६. अजूनही पाणी मोकळंच वाटतं, कुणी तक्रार करत नाही. जानेवारीच्या मध्याला ३२ टक्के, अखेरीस ६४, आणि फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात डोह भरलेला. दाटी झाल्यावर वाढीचा वेग थोडा कमी होतो, म्हणून प्रत्यक्षात आठवडा-दोन आठवडे इकडेतिकडे होतील, पण वाढीची चाल हीच. सावकाराच्या चक्रवाढ व्याजासारखं आहे हे: सुरुवातीचे हप्ते क्षुल्लक वाटतात आणि शेवटच्या दोन हप्त्यांत घर जातं.

हाच हिशोब आता काढणीला लावू. फेब्रुवारीच्या मध्याला यंत्रं लावून ९० टक्के केंदाळ काढलं. बातमीच्या फोटोत नदी स्वच्छ दिसते. ऊन वाढलेलं असतं, म्हणून दुपटीचा काळ आता १० दिवस धरू. उरलेल्या १० टक्क्यांचे २०, ४०, ८० होतात आणि ३३ दिवसांत, म्हणजे मार्चच्या तिसऱ्या आठवड्यात, डोह पुन्हा भरतो. ९९ टक्के काढलं असतं तर ६६ दिवस मिळाले असते, म्हणजे एप्रिलची अखेर आली असती. आणि हजारात एक भाग उरेल इतकं नेटाने काढलं असतं तर १०० दिवस. म्हणजे मेची अखेर, पावसाळा तोंडावर.

पहिल्या ९० टक्क्यांनी ३३ दिवस मिळाले. त्यानंतरच्या ९ टक्क्यांनी तेवढेच आणखी ३३. आणि त्यानंतरचा जो टक्काभरही नाही, त्यानेही पुन्हा ३३. पहिल्या टप्प्याला शेकडो ट्रॉल्या लागतात, शेवटच्या टप्प्याला एक काहील (गुळाची मोठी कढई, ती होडीसारखी वापरतात) किंवा होडी, चार माणसं आणि लांब दांड्याचा आकडा पुरतो. तरीही आपण पैसा पहिल्या टप्प्यावर घालवतो आणि शेवटचा टप्पा सोडून देतो, कारण यंत्राचं भाडं संपलेलं असतं आणि पाणी तर मोकळं दिसत असतं. केंदाळ काढायचा ठेका टनावर किंवा यंत्राच्या तासावर दिला की हेच होणार. ठेका महिन्यांवर द्यावा: अमुक डोह मेअखेरपर्यंत मोकळा ठेवायचा, दर आठवड्याला फेरी मारायची, पैसे त्याचे.

खातं काय

बहुतेक चर्चा इथे येऊन थांबतात, म्हणून हा भाग जरा सविस्तर.

दाट केंदाळाचं ओलं वजन चौरस मीटरला २५ किलो धरलं तर एकराला साधारण १०० टन भरतं. त्यातला ९५ टक्के भाग नुसतं पाणी. म्हणजे कोरडा पाला ५ टन. कोरड्या पाल्यात नत्राचं प्रमाण २ टक्क्यांच्या आसपास असतं, म्हणजे एका एकरात १०० किलो नत्र. ऊस करणाऱ्याला हा आकडा ओळखीचा वाटेल: सुरू उसाला हेक्टरी २५० किलो नत्राची शिफारस आहे, म्हणजे एकरी १०० किलो. कुणीही खत न टाकता नदीवर उसाएवढंच नत्र खाणारं पीक उभं आहे. युरियाच्या ४५ किलोच्या जवळजवळ पाच पोती.

हे नत्र येतं कुठून? एका माणसाच्या मलमूत्रातून वर्षाला साधारण ४ किलो नत्र बाहेर पडतं. म्हणजे २५ माणसांचं वर्षाचं सांडपाणी प्रक्रिया न होता नदीत गेलं तर एक एकर दाट केंदाळ पोसायला पुरेल एवढं नत्र त्यात असतं. २०११ च्या जनगणनेत एकट्या कोल्हापूर शहराची लोकसंख्या साडेपाच लाखांच्या घरात होती. त्यात नदीकाठची गावं आणि इचलकरंजी धरा. शहराचं सांडपाणी जयंती आणि दुधाळी नाल्यांतून येतं. ते अडवून कसबा बावडा आणि दुधाळी इथल्या केंद्रांत प्रक्रिया करण्याची व्यवस्था उभी आहे, पण जे पाणी अडत नाही किंवा पंप बंद पडल्यावर नाल्यावरून ओसंडतं, ते थेट नदीत जातं. खाली इचलकरंजीचं सांडपाणी आणणारा काळा ओढा आहे. शिवाय उसाला दिलेला युरिया आणि मोकाट पाणी यांतून वाहून येणारा भाग आहे. स्फुरदाचंही असंच, त्यात कपडे-भांडी धुण्याच्या पावडरींची भर.

सांडपाण्यावरची प्रक्रिया म्हटली की आपण पाण्याचा काळेपणा आणि वास यांचाच विचार करतो. साध्या प्रक्रियेने हे दोन्ही बरेच कमी होतात, पण नत्र-स्फुरद बराचसा पाण्यातच राहतो. तो काढायला वेगळे टप्पे लागतात. म्हणून प्रक्रिया केलेलं पाणी नदीत सोडण्याऐवजी शेतीला देणं हा कोल्हापूरसारख्या ठिकाणी शहाणपणाचा मार्ग आहे. केंदाळाच्या तोंडचं नत्र उसाला मिळेल, मात्र ते पाणी कारखान्यांच्या सांडपाण्यापासून वेगळं ठेवलं तरच.

आणि बंधारे? कोल्हापूर पद्धतीचा बंधारा ही या जिल्ह्याने साऱ्या महाराष्ट्राला दिलेली गोष्ट आहे आणि त्याच्यावर इथली शेती उभी आहे. त्याला दोष देण्यात अर्थ नाही. पण एवढं लक्षात ठेवावं लागतं की वाहत्या पाण्यात केंदाळ वाहून जातं आणि थांबलेल्या पाण्यात घर करतं. पाणी अडवायचं असेल तर त्यात येणारं अन्न जास्त काटेकोरपणे अडवावं लागेल.

नुकसान नेमकं काय

दाट थराखाली उजेड जात नाही आणि हवेचा प्राणवायू पाण्यात नीट मिसळत नाही. वरची पानं कुजून खाली पडतात, ती कुजवणारे जिवाणू उरलासुरला प्राणवायू वापरतात. पहाटे तो सर्वांत कमी असतो, म्हणून मासे पहाटे पृष्ठभागावर येऊन तोंड उघडताना दिसतात. मरळ, मागूर यांना हवेतून श्वास घेता येतो, ते तगतात. रोहू-कटला मरतात.

उपसा योजनेच्या फूटव्हॉल्व्हला मुळ्यांचा गुंडा अडकला की मोटर पाणी ओढत नाही. हे नदीकाठच्या प्रत्येक शेतकऱ्याला माहीत आहे. पानांमधून होणाऱ्या बाष्पीभवनामुळे उघड्या पाण्यापेक्षा जास्त पाणी उडतं. मॅन्सोनिया जातीच्या डासांच्या अळ्या पिस्टिया आणि केंदाळ यांच्या मुळांना चिकटून तिथूनच हवा घेतात, त्यामुळे त्यांना श्वासासाठी वर यावं लागत नाही आणि पाण्यावर तेल टाकण्याचा उपाय त्यांच्यावर चालत नाही. पुराच्या सुरुवातीला पुलांच्या खांबांना आणि बंधाऱ्यांच्या मोऱ्यांना हेच केंदाळ तुंबतं.

केंदाळ पाणी शुद्ध करतं असं काही जण सांगतात. त्यात तथ्य आहे, पण अर्धं. ते नत्र, स्फुरद आणि काही जड धातू शोषून घेतं. वेळेवर काढून बाहेर नेलं तरच ते पाण्यातून गेले. जागेवर कुजलं तर सगळं जिथल्या तिथे परत.

आवरायचं कसं

सर्वांत स्वस्त काम ऑक्टोबर-नोव्हेंबरमधलं. २०१९ किंवा २०२१ सारखा मोठा पूर आला की नदी वरकरणी धुतली जाते, पण ओढ्यांची तोंडं, जुन्या खणी, गावतळी, शेततळ्यांचे कोपरे इथे रोपं उरतात. पुढच्या वर्षाचं बियाणं म्हणजे तेच. पूर ओसरला की आपल्या हद्दीतले हे कोपरे पायी फिरून पाहायचे, मोबाइलवर ठिकाणं टिपायची आणि बरगे पडायच्या आत हाताने काढून टाकायचे. एका ग्रामपंचायतीच्या आवाक्यातलं हे काम आहे. डोहाचा शंभरावा भाग काढणं आणि आख्खा डोह काढणं यात खर्चाचा जो फरक आहे, तोच या हिशोबातला नफा.

काम वरच्या अंगाने खाली करत जावं. खालचं गाव आधी साफ झालं आणि वरचं राहिलं तर आठवड्यात पुन्हा भरणार. बंधाऱ्याच्या थोडं वर तिरकी दोरी बांधून तिच्यावर रिकामे सीलबंद डबे किंवा पाइप अडकवले की वाहत येणारं केंदाळ एका काठाला गोळा होतं आणि तिथूनच काढता येतं. बरगे काढून किंवा बांबूने ढकलून केंदाळ पुढे सोडून देणं हा मात्र उपाय नव्हे. ते रुईहून इचलकरंजीला, तिथून तेरवाड-शिरोळला, मग नृसिंहवाडीच्या संगमातून कृष्णेत आणि पुढे कर्नाटकात जातं. आपल्या डोळ्यांआड झालं म्हणून संपलं असं होत नाही, आणि वरच्या गावाने आपल्याशी तसंच वागलेलं आपल्याला चालत नाही.

काढलेलं केंदाळ टाकायचं कुठे हा प्रश्न काढण्याइतकाच महत्त्वाचा. काठावर ढीग केला तर त्यातला रस पुन्हा पाण्यात उतरतो, ओल्या चिखलात पडलेली रोपं मुळं धरून कित्येक दिवस जगतात, आणि पहिल्या पुराला ढीग नदीत परत जातो. म्हणून ते पूररेषेच्या बाहेर न्यावं. मात्र थेट ट्रॉलीत भरलं तर आपण पाणीच वाहून नेतो. काठापासून जरा वर, नदीकडे उतार नसलेल्या जागी दोन-तीन दिवस पातळ पसरून सुकू दिलं तर वजन बरंच उतरतं. माणसांना पाण्यात उतरवायचं असेल तर लाइफ जॅकेट, हातमोजे, गमबूट हवेतच. दाट थराखाली खोली कळत नाही, पाय गुंततात, सापही असतात. पोहणाऱ्यानेसुद्धा थराखाली जाऊ नये.

तणनाशकाचा मोह होतो. उसातल्या रुंद पानांच्या तणासाठी टू-फोर-डी शेतकऱ्यांच्या ओळखीचं आहे आणि त्याने केंदाळही मरतं. पण माझं मत स्पष्ट आहे: पंचगंगेत फवारणी करू नये. या पाण्यावर गावं पितात. फवाऱ्याचा थोडासा झोत वाऱ्याने गेला तरी द्राक्ष, टोमॅटो, वांगी होरपळतात, आणि शिरोळ तालुका भाजीपाल्याचा आहे. त्याहून मोठी अडचण अशी की एकराला १०० टन पाला एकदम मरून पाण्यातच कुजतो, प्राणवायू संपतो, मासे मरतात, आणि सगळं नत्र पाण्यात सुटून पुढच्या पिकाला तयार. ग्लायफोसेट या दुसऱ्या तणनाशकाच्या वापरावर तर केंद्र सरकारने २०२२ सालीच निर्बंध आणले आहेत.

कीटकांचा मार्ग वेगळा आणि आशादायक आहे. निओकेटिना जातीचे दोन भुंगे केंदाळाच्या मूळ प्रदेशातलेच. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला बेंगळुरूच्या शास्त्रज्ञांनी ते भारतात आणले, दुसऱ्या कुठल्या पिकाला अपाय करत नाहीत ना याची तपासणी केली आणि तलावांत सोडले. मणिपूरच्या लोकताक सरोवरात त्यांचा चांगला उपयोग झाला. आफ्रिकेत व्हिक्टोरिया सरोवरावर १९९५ पासून ते सोडले गेले आणि काही वर्षांत तिथलं केंदाळ झपाट्याने घटलं. त्यात १९९७-९८ च्या एल निनोच्या वादळी हवामानाचाही हात होता. केरळातलं साल्व्हिनिया सायर्टोबॅगस नावाच्या दुसऱ्या भुंग्याने आटोक्यात आणलं.

निओकेटिना चार-पाच मिलिमीटरचा, करड्या-तपकिरी रंगाचा असतो आणि रात्री खातो. दिवसा तो दिसणार नाही, पण पानांवर त्याने खरवडलेले तांबूस चौकोनी-गोलसर डाग दिसतात. अळी देठाच्या आत बोगदा करते, त्यातून पाणी शिरतं, देठ कुजतो, रोप खुजं होतं, फुलं कमी येतात. पुढच्या वेळी केंदाळ पाहाल तेव्हा हे डाग शोधा. असतील तर भुंगा तिथे आधीच आहे. याला वेळ लागतो, दोन ते चार वर्षं, आणि दर वर्षी पुराने धुऊन निघणाऱ्या नदीत तो टिकणं कठीण. पण खणी, गावतळी, बंद पडलेले पाझर तलाव अशा जागी, जिथे यंत्र पोचत नाही आणि जिथून पुढे नदीला बियाणं मिळतं, तिथे हे भुंगे योग्य आहेत. बेंगळुरूचं राष्ट्रीय कृषी कीटक संसाधन ब्यूरो आणि जबलपूरची तण संशोधन संस्था या विषयावर काम करतात. महापालिका किंवा जिल्हा परिषदेने त्यांच्याशी बोलून, नीट नोंदी ठेवून हा प्रयोग करावा. एकच पथ्य: भुंगे सोडलेल्या तळ्यातलं सगळं केंदाळ एकदम काढायचं नाही, नाहीतर भुंग्यांना खायला काही उरत नाही.

खताचा उपयोगही आपल्या जिल्ह्याला साजेसा आहे. केंदाळ ओलं आणि नत्राने भरलेलं, उसाचं पाचट कोरडं आणि नत्राला कमी. पाचट जाळण्यापेक्षा दोन्हींचे थर, मध्ये शेणकाला, अधूनमधून चाळवणी असं केलं तर चांगलं खत होतं. ढीग आतून हाताला चटका बसेल इतका तापला पाहिजे म्हणजे बी मरतं. फुलावर येण्याआधीचंच केंदाळ घेतलं तर तीही काळजी नको. कारखान्यांच्या सांडपाण्याजवळचं केंदाळ मात्र भाजीपाल्याच्या खताला घेऊ नये, त्यात धातू असू शकतात, आणि जनावरांना तर मुळीच घालू नये. टोपल्या, कागद, गॅस असे उद्योगही होतात. ते चांगलेच, पण केंदाळ लागतं म्हणून ते राखून ठेवण्याची वेळ कुठल्या उद्योगावर येऊ देऊ नये.

राहिली गाळातली बी. उन्हाळ्यात पाणी उतरलं की उघड्या पडलेल्या ओल्या काठावर ऊन लागतं आणि ती रुजते. कोवळ्या रोपाची पानं सुरुवातीला अरुंद, गवतासारखी असतात, फुगीर देठ नंतर येतो, म्हणून ती सहज नजरेतून सुटतात. एप्रिल-मे मध्ये काठाने एक फेरी आणि बरगे पडण्याआधी दुसरी, अशा वर्षातून दोन फेऱ्या किमान पंधरा-वीस वर्षं चालू ठेवाव्या लागतील. म्हणून गावाने हे काम कुणा एका उत्साही माणसावर न सोपवता पाणीपुरवठ्याच्या नेहमीच्या कामांत घालावं, आणि ग्रामपंचायतीच्या अंदाजपत्रकात त्यासाठी छोटी का होईना, पण कायमची रक्कम ठेवावी.